भिंतीशी बॅडमिंटन

शालूअक्का काही नवं शिकायला लागली, की आमच्या सर्वण गावात लोक आधी विचारतात, "काय गो, कोण गेलं?"

ही चेष्टा नव्हे, अनुभव आहे. अक्का मूळची हळर्णची. तरुणपणी तिचं लग्न हळद दळून झाल्यावर मोडलं. घरचे डोक्याला हात लावून बसले आणि ही भावाची सायकल काढून अंगणात पडू लागली. गुडघे फोडून घेत शिकली, आणि पहिली फेरी मारली ती थेट त्या नवरदेवाच्या दारावरून, घंटी वाजवत.

पुढे डिचोलीच्या कचेरीत नोकरी लागली तशी आईवडिलांना घेऊन ती आमच्या शेजारी राहायला आली. वडील गेले, तेव्हा पाववाल्या पदेराच्या भट्टीवर जाऊन पाव करायला शिकली. त्यातला पहिला पाव मला मिळाला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावायला तो बरा होता. आई गेली, तेव्हा पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला तळीत उतरली. डबा सुटून तरंगला, अक्का बुडाली. बायकांनी पदराला धरून बाहेर ओढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

सांत्वनाला कोणी गेलं, की तिचं एकच म्हणणं, "डोळे रडतत तर रडांदेत. हातांक कित्याक सुट्टी?"

गेल्या श्रावणात माझी बायको नलू गेली. दिवसकार्य उरकून मुलगी पुण्याला परतली आणि मी पुढचं दार लावून घेतलं. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तराला तसंही कुठे जायचं असतं?

दिवाळीनंतर एका संध्याकाळी बाहेरून टप् टप् आवाज येऊ लागला. खिडकी किलकिली करून पाहिलं. साडी खोचलेली, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात रॅकेट, अशी अक्का एकटीच बॅडमिंटन खेळत होती. पलीकडे गडी म्हणून माझ्या घराची भिंत.

वाड्यावर चिंता पसरली. तिचा भाऊ धडधाकट होता, भाचरं मजेत होती. मग गेलं कोण? शेवटी मासळीवालीने धीर करून विचारलं. "सगळी बरी आसत," अक्का म्हणाली. "फूल कौलांर गेलां, तां काड बगूया." बिचारी पाटी खाली ठेवून काठी शोधत फिरली.

आठवडाभर तो आवाज ऐकून मी वैतागलो आणि दार उघडून बाहेर आलो.

"अक्का, ही भिंत माझी आहे."

"तिची कायच तक्रार नाय."

मला हसू येणार होतं, पण मी विचारलं, "खरं सांग, कोण गेलं?"

तिने रॅकेट खाली केली. "नलू गेली मा, मास्तर. तुमची बायल गेली, तशी माजी मैत्रीण गेली. तुमका बगूक सगळो गाव इलो. माका कोण इचारूक इलां?"

रोज संध्याकाळी नलू आणि ती आमच्या सोप्यावर बसायच्या. मी आत पेपर वाचत असायचो. भेटायला येणाऱ्यांना बारा दिवस चहा करून दिला तो अक्कानेच. कप हातात घेऊन सगळे माझ्याकडे वळायचे.

अक्काने पिशवीतून दुसरी रॅकेट काढली. "घेयात. भिंत कधी हरणा नाय. माका कोणाक तरी हरवूचां आसा."

पहिलं फूल माझ्या कपाळावर बसलं.

आता आम्ही रोज खेळतो आणि रोज मी हरतो. मग सोप्यावर बसून अक्का मला नलूच्या गोष्टी सांगते. नलूला हळर्णचा किल्ला बघायचा होता, हे मला तिच्याकडूनच कळलं. येत्या रविवारी आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत.

काल म्हणाली, "तुमच्या खोड्यो सांगताना ती मुद्दाम मोठ्यान बोलायची. तुमी हसतास काय बगूक."

"मी हसायचो गो," मी म्हटलं. "पेपर तोंडावर धरून."

"तिका ठावक होतां," अक्का म्हणाली. "पेपर हालायचो मरे!"