धान्य बँकेपुढचे रिकामे डबे

एटापल्लीत लग्न असो, नाटक असो, नाहीतर कोणाची म्हैस हरवलेली असो, गावाच्या कानावर घालायचं काम माझं! रईस माइकवाला! माझा भोंगा वाजला की सूरजागडच्या डोंगरावरचं अस्वलही कान टवकारतं, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

म्हणून अठ्ठ्याण्णवच्या भादव्यात रंभाबाई माझ्याकडेच आल्या. त्या शाळेमागच्या खोलीत धान्य बँक चालवत. पावसाळ्यात ज्याच्या घरचा दाणा संपला, त्यानं तिथून तांदूळ न्यायचा आणि नवं धान निघालं की परत आणून टाकायचा. पण त्या वर्षी नाल्यांना पूर, रस्ते बंद, अन् खोली झाडली तरी मूठभर निघेना!

"रईसभाऊ, जंगलातून मंगली आली आहे. दोन लेकरं उपाशी. तिले रिकाम्या हातानं कशी पाठवू? आवाज दे ना गावाले!"

"बाई, तुम्ही फक्त जागा करून ठेवा!"

सायकल रिक्षावर भोंगा बांधला आणि भर पावसात गावभर ओरडत निघालो, "धान्य बँकेतलं धान्य संपलं हो! घरचा तांदूळ भरून डबा घेऊन या!"

आता वायर भिजलेली. भोंग्याचं तोंड पुढे, मी मागे. मला माझाच गळा ऐकू येत होता. गावाला ऐकू गेलं ते असं : "धान्य बँकेतलं धान्य... खर्रर्र... डबा घेऊन या!"

शाळेमागे पोचलो तर ही रांग! माझी छाती फुगून कोहळ्याएवढी झाली. "पाहा बाई, याले म्हणतात माइक!"

रंभाबाईंनी पहिल्या डब्यात डोकावलं. रिकामा. दुसरा? रिकामा! किराणा दुकानवाले देवरावभाऊ तर अख्खं पिंप घेऊन उभे.

"देवरावभाऊ, हे रिकामं काऊन?" मी विचारलं.

"मंग भरलेलं आणून करू काय? तूच तर बलावलं घ्याले!"

मागून कोणी ओरडलं, "साखर बी भेटते म्हणते!" त्याच्या मागे बातमी आणखी वाढली, तिथं लोक घासलेटच्या कॅन घेऊन उभे! वच्छलाबाईंनी डोक्यावर हंड्यावर हंडा रचलेला.

"ए रईस्या, वाटून राह्यला का चेष्टा करून राह्यला?"

मी घाबरून माइक धरला. "धान्य नाही आहे!" भोंगा म्हणाला, "धान्य... खर्रर्र... आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अशी मुसंडी मारली की मी रिक्षाखाली!

शेवटी रंभाबाईंनी खोलीचं दार सताड उघडलं. आत नुसती जमीन. कोपऱ्यात मंगली, मांडीशी दोन लेकरं, हातात घडी केलेली पिशवी. एवढे डबे बघून ती चटकन उठली.

"एवढे सारे उपाशी हायेत का जी? मंग पह्यले या लोकायलेच द्या. मी थांबतो."

देवरावभाऊंनी खाकरून पाहिलं, पिंप उचललं आणि मुकाट्यानं दुकानाकडे निघाले. त्यांच्यामागे अख्खी रांग!

खरी गंमत पुढे. फुकटचं मिळणार म्हणून प्रत्येकानं घरातलं मोठ्यात मोठं भांडं आणलं होतं, आणि ते गावानं पाहिलं होतं. आता पिंपवाला वाटी घेऊन परत येणार कसा? पिंपं भरून आली, हंडे भरून आले! कॅनवाल्यांनी घासलेट आणलं, त्यावर स्टोव्ह पेटवून तिथंच भात शिजवला. मंगलीचं धाकटं जेवता जेवताच तिच्या मांडीवर झोपलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. जाताना तिची पिशवी तिला एकटीला उचलेना!

गावाच्या मारातून वाचलो म्हणत खुशीत घरी आलो. बायको, खैरुन, चुलीपुढे हात बांधून बसलेली.

"स्वयंपाक?"

"कशाचा? रांगेत मीबी होतो ना! माइकवाल्याची बायको लहान डबा नेईल का? आपला ड्रम रिकामा करून नेला होता. मंग सारा तांदूळ पुन्हा त्यातच भरून देऊन आलो!"

दुसऱ्या दिवशी धान्य बँकेच्या दारात मी उभा, पिशवी पाठीमागे लपवून.

"काऊन आलास रईसभाऊ?" रंभाबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं.

"बाई," मी म्हटलं, "जरा हळू बोला ना!"