होमच्या मागचे भुजंगअप्पा

अंगावर चेंडू येताना दिसला की शहाणा माणूस बाजूला होतो. गाढवसुद्धा होतं. आमचे भुजंगअप्पा होत नाहीत. चेंडू बरगडीत बसला तरी जागेवरून तसूभर हलत नाहीत, आणि वर आपल्यालाच विचारतात, "कावून हलू? पंच म्हंजे काटा. काटा हलाया लागला तर वजन खरं निघंल का, बाई?"

हा काटा म्हणजे साखर कारखान्याचा वजनकाटा. अप्पांनी उभी हयात त्याच्यावर उसाच्या गाड्या तोलल्या. मी त्याच कारखान्याच्या शाळेत भूगोल शिकवते आणि कॉलनीत त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे हा माणूस टाळायचा म्हटला तरी टळत नाही. मूळचे घाटनांदूरचे. बायको वारलेली, मुलगा-सून पुण्याकडं. कारखान्याच्या गव्हाणीत एका साली उसाची मोळीच पडली नाही. दुष्काळ, ऊस कुठून येणार? काटा बंद पडला आणि अप्पा मोकळे झाले. म्हणजे आमचं नशीब फुटलं.

निकाल द्यायची भारी हौस. टँकर आला की घागरींची रांग लागायची आणि अप्पा पायरीवर बसून पंचगिरी करायचे. एकदा शाळेच्या घाईत मी माझ्या दोन घागरी जरा पुढं सरकवल्या. झालं! अप्पांनी अंगठा खांद्यावरून मागं फेकला आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असे ओरडले, "बाई, आऊट!" मी रांगेच्या शेपटाला. माझी पाळी येईस्तोवर टँकर रिकामा. संध्याकाळी दारात येऊन मला सांगतात, "राग नगा मानू. इन्साफ हाय." डोंबलाचा इन्साफ!

आता आमच्या गावात बेसबॉल कशाला, असं तुम्ही विचाराल. आमचे क्रीडाशिक्षक सूर्यभान सर, भलतं हुशार डोकं. कबड्डीला नि खो-खोला जिल्हाभर ही गर्दी, आमच्या पोरांना तिथं कोण विचारतो? बेसबॉल खेळायला मात्र कोणी तयार नाही. संघ उभा केला, पोराला दांडकं धरता आलं, की ते थेट वरच्या स्पर्धेत, आणि दहावीला खेळाचे गुण पदरात. खेळाचा हा असा उपयोग बघून मी धन्य झाले. सरांनी नियमांचं पुस्तक आणलं, ते स्वतः वाचलं नाही, अप्पांना दिलं. अप्पांनी पाठ केलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक पोरगं लांबून चेंडू फेकतं, तो पिचर. दुसरं दांडकं घेऊन होमवर, म्हणजे मातीत बसवलेल्या पाटीपाशी, उभं असतं; चेंडू मारून तीन बेसचे टप्पे पळत पुन्हा होमला आलं की धाव. त्याच्या मागं उकिडवं बसून चेंडू झेलायचा तो कॅचर. आणि कॅचरच्याही मागं, त्याच्या डोक्यावरून वाकून बघत उभा पंच. म्हणजे कॅचरनं सोडलेला चेंडू सरळ पंचाला. आणि आमचे कॅचर चेंडू सोडायचेच.

त्याला कारण कॅचर निवडायची आमची रीत. चेंडू दगडाचा भाऊ. जे पोरगं बसेल त्याचा दात पडणार, नाही तर नाक फुटणार. मग बसवायचं कोणाला? ज्याच्या घरचं कोणी शाळेत भांडायला येणार नाही, त्याला. दिवाळी सरली की माणसं ऊसतोडीला पार कर्नाटकात जातात आणि त्यांची लेकरं शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांच्यातलं एक सूर्यभान सर उचलायचे आणि त्याच्या तोंडावर मास्क चढवायचे. ते जरा हाताशी आलं की पुढच्या साली आईबाप त्यालाही तोडीला घेऊन जायचे. पुन्हा नवं पोरगं, पुन्हा मिटलेले डोळे. आमच्या शाळेला अनुभवी कॅचर कधी मिळालाच नाही.

मी सांगते त्या साली बसवलं होतं आठवीतल्या सोपानला. शाळेचा छातीवरचा गार्ड त्याच्या गुडघ्यापर्यंत यायचा. पिचरनं हात उचलला की सोपान डोळे मिटायचा, मान वळवायचा आणि भुईसपाट व्हायचा. चेंडू वरून सुसाट जायचा आणि धप्पकन अप्पांच्या छातीत. अप्पा क्षणभर श्वास गिळायचे आणि ओरडायचे, "ष्ट्राइक!" मी गुण मांडायला टेबलावर बसलेली असायचे, माझ्या हातातला चहा हिंदकळायचा.

अप्पांचा थाट तर बघण्यासारखा. तोंडाला कारखान्याच्या वर्कशॉपमधून वेल्डिंग करून घेतलेली लोखंडी जाळी, हुबेहूब बैलाचं मुसकं. छातीला वाकळीची घडी, ती चऱ्हाटानं आवळलेली. आणि अंगाला आंबेहळदीचा वास. रोज मुका मार, रोज लेप. सगळे सदरे पिवळे. बरं, मार लागला तर गप बसावं की नाही? छे! कॉलनीत भेटेल त्याला बाही वर करून दाखवणार, "हे सोपान्याचं. हे मागल्या सालच्या बाळूचं, अजून दुखतंय बगा." लोक हातावर मोर गोंदवून घेतात, ह्यांनी पोरं गोंदवून घेतली होती. मी एकदा म्हटलं, "अप्पा, ही पोरं भित्री आहेत, तुम्ही तरी बाजूला व्हा." तर म्हणाले, "भित्री न्हाईत बाई. नवी हायेत."

मैदानाचीही तीच कथा. होमच्या मागं चेंडू अडवायला जाळी हवी. ती मंजूर होती, आलेली नव्हती. मागं सरळ उतार, आणि उताराखाली दोरी बांधून चारा छावणी. सुटलेला चेंडू घरंगळत म्हशींच्या पायात. मारलेलाही कधी कधी तिकडंच जायचा, म्हणून अप्पांनी आपला एक कायदा काढला होता: म्हशीला लागला तर दोन बेस, वासराला लागला तर चेंडू बाद. "वासराला कावून वेगळा कायदा?" असं कोणीतरी विचारलं, तर म्हणाले, "लहान हाय ते."

जानेवारीत चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाची स्पर्धा लागली. कारखाना बंद होता, वाढदिवस चालू होता. आणि तिथंच घोळ झाला. खालच्या गावच्या शाळेचे लिंबाजी सर साखळीतल्या सामन्यात आमच्याशी हरले आणि अप्पांना पंच म्हणून काढा, असा हट्ट धरून बसले. सूर्यभान सरांनी शाळेमागच्या लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. मी गुण मांडणारी, म्हणून मलाही बसवलं.

खरं सांगते, मला मनातून बरं वाटत होतं. अप्पा मात्र इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि सारखे घसा खाकरत होते. कारखाना बंद, घर रिकामं, होममागची ती हातभर जागा तेवढी त्यांना उरली होती. तीच आज जाणार की राहणार, हे ठरायचं होतं.

लिंबाजी सर उठले. "आमचं पोरगं तिसऱ्या बेसवर हाय. तुमच्या कॅचरनं चेंडू सोडला की ते पळत होमला येणार, आमची धाव व्हणार. पर चेंडू मागं जातच न्हाई! ह्यांच्या छातीला लागून तितंच पडतो. हा पंच हाय का जाळी?"

"पंचाला लागला तर खेळ चालू. पुस्तकात हाय," अप्पा म्हणाले.

"आन् हर चेंडूच्या आदी पोराच्या कानात काय पुटपुटता तुमी? तुमी पुटपुटता आन् पोरगं खाली बसतं. हे शिकवणं झालं! पंचाला शिकवता येतं का?"

अप्पा पुटपुटतात हे मीही पाहिलं होतं. मारुतीचं नाव घेत असतील, एवढा मार खायचा म्हटल्यावर घ्यावंच लागेल, असं मला वाटायचं. सूर्यभान सरांनी विचारलं, "अप्पा, काय म्हणता पोराला?"

"ते मी सांगनार न्हाई."

"मग सोपानला बोलवतो."

"त्याला कावून? काढायचं तर मला काढा." अप्पांचा आवाज चढला.

तेवढ्यात लिंबाजी सरांचा स्वतःचा कॅचर, सगळ्यांना पाणी देत फिरणारा, तांब्या धरून म्हणाला, "सर, मला बी म्हनत्यात ते."

लिंबाजी सर गर्रकन वळले. "तुला? काय म्हनत्यात बे?"

पोरगं भेदरलं. त्याचेही आईबाप तोडीवर, निवडायची रीत तिकडंही आमचीच. खाली बघत म्हणालं, "म्हनत्यात, भ्या वाटलं तर खाली बस. तोंडावर घिऊ नको. मागं मी हाय."

लिंबाजी सरांनी तेवढ्यात पाणी पिऊन घेतलं. म्हणजे पोरं घाबरून चेंडू सोडत होती आणि हा मूर्ख माणूस तो खात होता, असं नव्हतंच. हाच त्यांना सोडायला सांगत होता. दोन्हीकडच्या पोरांना, आपल्या-परक्याचा हिशोब न करता. मला इतका राग आला की काय सांगू. अहो, असं काही असेल तर माणसानं आधी सांगू नये? मी तीन हिवाळे हसत होते त्या माणसाला.

पण नियम तो नियम. पंचानं पोराला सल्ला द्यायचा नाही, हे अप्पांनाही मान्य. त्यांना काढावं तर अंतिम सामना दुसऱ्या दिवशी, आणि होमच्या मागं उभं राहायला दुसरं कोणी तयार नाही. शेवटी सूर्यभान सरांनी तोड काढली: अप्पा राहतील, पण कॅचरशी एक शब्द बोलणार नाहीत. बोलले तर पंचगिरी संपली. अप्पांनी छातीवर हात ठेवला. "जबान दिली." त्यांची जागा राहिली. सदरा नीट करत ते असे निघाले, जसं काही चेअरमन झाले.

अंतिम सामना आमचा नि लिंबाजी सरांचाच. अप्पा उभे राहिले, ओठ घट्ट मिटून. सोपान दर चेंडूआधी कान मागं लावायचा, मागून काही यायचं नाही. पोरगं गोंधळून गेलं. कधी बसायचं, कधी झेलायचं, काही कळेना. एक चेंडू त्याच्या खांद्याला लागला. अप्पांनी तोंडावरच्या जाळीवर मूठ आपटली, पण बोलले नाहीत.

शेवटचा डाव आला. बरोबरी होती. त्यांचं पोरगं तिसऱ्या बेसवर, आमच्या पिचरचा हात दमलेला, चेंडू कुठंही जायला लागलेला. पिचर फेकायला उभा राहिला आणि सोपाननं मास्क वर करून मागं बघितलं.

"अप्पा, हाव का मागं?"

लिंबाजी सर मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले.

"अप्पा, ओ अप्पा! हाव का?" पोराचा आवाज फाटला होता.

अप्पांनी दोन्ही हात वर केले. "टाइम!" खेळ थांबला. त्यांनी तोंडावरची जाळी काढली, सोपानच्या समोर जाऊन खाली वाकले आणि मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाय रं बाबा. हाय मी."

मग ताठ उभे राहिले, आम्हा सगळ्यांकडं वळले. "पंचानं जबान मोडली," म्हणाले, आणि अंगठा खांद्यावरून मागं फेकला. "पंच आऊट!"

चऱ्हाट सोडलं, वाकळ खांद्यावर टाकली आणि चालू लागले. लिंबाजी सरच म्हणाले, "अवो राहू द्या की अप्पा, कोन काय म्हनतंय?" पण ऐकतील तर ते अप्पा कसले? माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीही मला चीड आली.

पंच म्हणून सूर्यभान सर उभे राहिले, होमपासून इतके लांब की माझ्या टेबलाला टेकले होते. पिचरनं फेकलं. सोपान बसला नाही. डोळे उघडे ठेवून त्यानं हात पुढं केला, चेंडू हातमोज्याला लागून मागं उडाला आणि उतारानं निघाला. तिसऱ्या बेसवरचं पोरगं होमला आलं. हरलो आम्ही. भाषणं झाली, हार झाले, वाढदिवसाचे पेढे वाटले.

मी चहाचे दोन कप घेऊन उतारावर गेले. अप्पा घरी गेले नव्हते. होमच्या बरोब्बर सरळ रेषेत, छावणीच्या दोरीला टेकून पोत्यावर बसले होते. तो शेवटचा चेंडू त्यांच्या मांडीवर होता.

"संपला सामना, अप्पा. पुढल्या खेपेला सूर्यभान सर तुमच्या पाया पडून बोलावतील, बघा."

"न्हाई बाई. आऊट म्हंजे आऊट."

"मग घरी तरी जा की. उन्हात काय बसलाय?"

त्यांनी कप घेतला. चेंडूवरची माती अंगठ्यानं पुसत राहिले.

"जातो की," म्हणाले. "पर हितं कसं हाय बाई, लेकरू इचारतं तरी, हाव का म्हनून. घरात कोन इचारतंय?"

मी पोत्याच्या कडेला त्यांच्याशेजारी बसले. त्या दिवशी आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तिथंच होतो.