दाखल्यावरचा इंग्रजी शब्द

आमच्या गल्लीत भांडण लागलं की सुखदेव सर ते सोडवत नाहीत. कोण कसं वागतंय, ते इंग्रजीत सांगतात. एकदा नळावर दोन बायका हंड्यावरून एकमेकींच्या सात पिढ्या काढत होत्या. सर ओट्यावरून म्हणाले, "ही रूड हाय. ती रूड न्हाई, नुसती इम्पेशंट हाय." मग एकीनं विचारलं, "सर, दोन्हीत वंगाळ कंचं?" भांडण राहिलं बाजूला.

मला ते ब्लंट म्हणतात. मी चौथी शिकलेली. विचारलं, "शिवी हाय का?"

"न्हाई अक्का. रूड माणूस दुखवायला बोलतो. ब्लंट माणूस खरं बोलतो, दुखलं तर दुखलं."

तेव्हापासून मी ब्लंट आहे हे मीच सगळ्यांना सांगते.

यंदा माझी नात सोनल बारावी झाली. मुलींनीच वर्ग का झाडायचा, असं तिनं हेडमास्तरांना सगळ्यांसमोर विचारलं होतं. बरोबरच विचारलं. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढं त्यांनी लिहिलं, 'इन्सोलंट'. सोनल म्हणाली, असल्या दाखल्यावर नर्सिंगला कोण घेणार?

सरांनी दाखला वाचला. अर्थ सांगितला नाही. चपला घातल्या आणि आम्हा दोघींना घेऊन शाळा गाठली.

"इन्सोलंट म्हंजी मोठ्या माणसाला तुच्छ लेखणारी," ते हेडमास्तरांना म्हणाले. "हिनं कुणाला तुच्छ लेखलं? सरळ प्रश्न इचारला. त्याला फ्रँक म्हंतेत."

"अहो सर, एका शब्दानं काय होतंय?"

"मग बदला की. एकाच शब्दाचं काम हाय."

नवा दाखला झाला. 'गुड'. सोनल मान वर करून बाहेर आली. मीही.

परतताना रिक्षात मी विचारलं, "एवढे कशापायी तापलात?"

"माझ्या सातवीच्या प्रगतिपत्रकावर हाच शब्द होता, अक्का. शाळंच्या माठातलं पाणी माझ्या हातानं घेतलं म्हणून. घरात इंग्रजी कुणाला येतंय? बाप म्हणला, मास्तरनं इंग्रजीत लिवलंय, म्हंजी लईच चांगलं असंल. फ्रेम करून भिंतीला लावलं. आल्यागेल्याला दाखवायचा."

"तुमाला अर्थ कवा कळला?"

"दहावीत. डिक्शनरीत बघितला."

"मग बापाला सांगितलं?"

"न्हाई. मरंपर्यंत धोतराच्या सोग्यानं ती काच पुसायचा."