मुकुंदकाकांचा आशीर्वाद

सुरुवातीलाच माफी मागतो. कुणाबद्दल काही लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते सगळे अर्ज होते, आणि त्यातलेही निम्मे मीच लिहिलेले. बाबा वाशीमकडे एका जिनिंगमध्ये काम करतात, आई मजुरीला जाते. कॉलेजात पोचलेला घरातला पहिला माणूस मी. त्यामुळे काही चुकलं तर दाखवून देणारंही घरी कुणी नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय ते मुकुंदकाका केंजळे चांगले धडधाकट आहेत, आणि मी त्यांच्याच दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहतो. लिहू का, असं त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लिही. पण आधी चेक कर."

"काय चेक करू, काका?"

"आवाज पोचतोय का ते."

तर चेक करतो.

मुकुंदकाका बोलण्याआधी समोर जे असेल त्यावर बोटानं दोन टिचक्या मारतात आणि "हॅलो" म्हणतात. समोर टेबल असो, चहाचा कप असो, नाहीतर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप. एकदा त्यांच्यासोबत बँकेत गेलो होतो. त्यांनी काउंटरच्या काचेवर टिचक्या मारून "हॅलो, हॅलो" केलं. आतल्या बाई म्हणाल्या, "अहो आजोबा, येतंय ऐकू."

काका म्हणाले, "मला तुमचं येत नाहीये. जरा ट्रेबल वाढवा."

चाळीस वर्षं कसबा पेठेत लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा केला की माणसाचं असं होत असावं. त्यांना जग आवाजाच्या भाषेतच कळतं. भाजी बेचव झाली तर "बास नाही." कुणी फार बोलायला लागला तर "शिट्टी मारतोय." माइक भोंग्यासमोर आला की कर्कश वाजतो, ती शिट्टी. चटकन चिडणाऱ्या माणसाचं "अर्थिंग नाही." मी पहिल्या दिवशी बॅग घेऊन दारात उभा राहिलो आणि त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला खाली बघून "हो जी" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सेट चांगला आहे. याचा आवाज कुणी बंद करून ठेवलाय?" पुण्यात माझ्याशी इतकं चांगलं तोवर कुणी बोललं नव्हतं.

दुकानावर पाटी आहे: 'केंजळे बंधू, लाउडस्पीकर व मंडप व्यवस्था'. गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, अगदी बरोबर समोर, दुसरं दुकान आहे. त्यावरही पाटी आहे: 'केंजळे बंधू, लाउडस्पीकर व मंडप व्यवस्था'. दोन्ही दुकानांत एकेकच बंधू बसतो. समोर बसतात ते काकांचे धाकटे भाऊ, जनूकाका. आठ वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मुकुंदकाका त्यांचं नावही घेत नाहीत, "समोरचे" म्हणतात.

बोलत नाहीत असं मी लिहिलं खरं, पण ते तितकंसं बरोबर नाही. रोज सकाळी दहाला दुकान उघडलं की मुकुंदकाका सामानाची चाचणी घेतात. आवाज गल्लीपुरताच ठेवतात.

"हॅलो. चेक. एक, दोन, तीन. काही लोकांना अजून वायर गुंडाळता येत नाही, पण पाटी रंगवता येते. चेक."

मग समोरून खरखर होते.

"हॅलो. चार, पाच, सहा. काही लोकांना तीनच्या पुढे मोजता येत नाही. चेक."

"सात, आठ. काल एका बारशाला कुणाचा तरी भोंगा बाळापेक्षा जास्त रडला म्हणे. चेक."

"नऊ, दहा. बाळानं थोरल्यांचा चेहरा पाहिला असेल. चेक."

दहा झाले की दोघं बटण बंद करतात आणि गल्लीचा दिवस सुरू होतो. शेजारी पोळीभाजी विकणाऱ्या सुमनमावशींचं घड्याळ हेच. एकदा मी त्यांना विचारलं की याचा तुम्हाला त्रास नाही का होत? त्या म्हणाल्या, "त्रास कसला? माझे भाऊ तर फोनही करत नाहीत."

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मुकुंदकाकांचं एक, दोन, तीन झालं आणि समोरून चार आलाच नाही. काकांनी परत एक, दोन, तीन केलं. मग परत. मी वर अंथरुणात मोजत होतो, अकरा वेळा झालं. शेवटी त्यांनी मला हाक मारली. "समोरच्यांची लाइट गेलीय का बघ. आपल्याला काय, सहज."

लाइट होती. जनूकाका तापानं आतल्या बाकावर आडवे झाले होते. मी येऊन सांगितलं. काकांनी काउंटरवर दोन टिचक्या मारल्या, पण हॅलो म्हणाले नाहीत. दहा मिनिटांनी माझ्या हातात गवती चहाची जुडी आणि आल्याचा तुकडा दिला. "दे नेऊन. विचारलं तर सांग, तुमच्या दुकानासमोर पडलेलं होतं."

मी तसंच सांगितलं. मला खोटं नीट बोलता येत नाही. जनूकाका आल्याकडे बघून म्हणाले, "धुऊन पडलेलं दिसतंय."

या अबोल्याचं कारण मला कळायला वर्ष लागलं. कारण अमेरिकेतून आलेलं होतं.

आठ वर्षांपूर्वी तिकडची पाच जणांची एक मंडळी दौऱ्यावर पुण्यात आली होती. ब्लूग्रास नावाचं त्यांच्या डोंगराळ भागातलं संगीत ती वाजवते. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि माणसापेक्षा उंच असा एक उभा बास. "ढोल नाही, ताशा नाही आणि म्हणे कार्यक्रम!" असं काका अजून म्हणतात. कर्वेनगरातल्या एका छोट्या सभागृहात हा कार्यक्रम होता, आणि आवाजाचं काम केंजळे बंधूंकडे होतं. तेव्हा ते खरोखरचे बंधू होते.

काकांच्या सांगण्याप्रमाणे पाच माणसांना मिळून एकच माइक द्यायचा ही कल्पना त्यांची. "अरे, काय दृश्य होतं! ज्याची पाळी तो पुढे येतो, वाजवतो, मागे सरतो, दुसरा त्याच्या बगलेतून पुढे. फुगडी घातल्यासारखे फिरत होते. पण धक्का नाही एकमेकांना! माइक एकच असला ना, की माणसं आपोआप जवळ येतात."

"मग भांडण कशावरून झालं, काका?"

ते एकदम गंभीर झाले. "कार्यक्रमाआधी पडद्यामागे आम्ही कामाचे दोन शब्द बोलत होतो. समोरच्यांनी माइक चालू ठेवला. मुद्दाम. माझा शब्द न् शब्द बाहेर भरलेल्या सभागृहात गेला. सख्ख्या भावानं सांगू नये, दादा, माइक चालू आहे म्हणून? चार शब्द. चार शब्द नाही निघाले तोंडातून."

दुसरी बाजूही ऐकावी म्हणून मी भीत भीत समोर गेलो. जनूकाका वायर गुंडाळत होते, आणि चांगली गुंडाळत होते. म्हणाले, "दादालाच विचार. त्याचा आवाज मोठा आहे."

त्या अमेरिकन मंडळींनी कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण केलं होतं. रेकॉर्ड निघाली की कळवू असं त्यांच्या टोपीवाल्या म्होरक्यानं सांगितलं होतं. त्याचं कार्ड काकांनी त्या कार्यक्रमातल्या माइकच्याच डबीत जपून ठेवलं होतं. एक दिवस ते कार्ड माझ्यापुढे आलं. "तू इंग्लिशचा ना? लिही त्यांना. महाशय, आवाज अजून पोचलेला नाही."

माझं इंग्लिश लिहायला बसलं की बरं असतं, बोलायला उभं राहिलं की पडतं. तो ईमेल लिहायला मला तीन दिवस लागले. कार्डावरचा पत्ता बंद झाला होता. मग मी त्यांची वेबसाइट शोधून तिथे लिहिलं. पुढचा महिनाभर काका रोज विचारायचे, "आलं का?" मला वाटायचं, यांना रेकॉर्डवर आपलं नाव हवंय. एकदा मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "नाव कशाला? मला एकदा बघायचंय, तो काहीच बोलला नाही ना. पुरावा हवा. मग मरेपर्यंत बोलायला नको त्याच्याशी."

मागच्या आठवड्यात उत्तर आलं. रेकॉर्ड निघाली होती. सोबत ती ऐकायची लिंक होती, आणि टोपीवाल्यानं लिहिलं होतं ते असं: 'पडदा उघडण्याआधी तुमच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी माइकसमोर उभं राहून जो आशीर्वाद दिला, तोच आम्ही सगळ्यात आधी ठेवला आहे. आमच्याकडच्या लोकांना शब्द कळत नाहीत, पण ऐकताना अंगावर काटा येतो म्हणतात. पडदा उघडला तेव्हा त्यांचा हात आमच्या दिशेनं उंच उचललेला होता, ते मी कधी विसरणार नाही. त्या मंत्राचा अर्थ कळवाल का?'

मी हे काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मोबाइलवर दोन टिचक्या मारल्या. "आशीर्वाद? मी?" मग बराच वेळ आठवून म्हणाले, "हात वर होता खरा. थोबाडीत द्यायला."

ते लगेच मोठा स्पीकर जोडायला निघाले. गल्लीला ऐकवणार होते. पण मी ते आधी खोलीत इअरफोन लावून ऐकलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नको म्हणालो.

"काका, आधी कानात ऐका."

"आवाज ही एकट्यानं ऐकायची वस्तू आहे का?"

"हा आहे."

माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, पण त्यांनी इअरफोन घेतले. एक त्यांच्या कानात, एक माझ्या.

आधी माणसांची कुजबुज. मग दोन टिचक्या. आणि मग आठ वर्षांनी तरुण असलेले मुकुंदकाका: "एक? पाच माणसं आणि एक माइक, जन्या? हे गाणार आहेत का एकमेकांच्या कानात सांगणार आहेत? त्यांच्या कागदावर एक लिहिलंय म्हणून एक आणलास? उद्या कागदावर गाढव लिहून आलं तर गाढव आणशील? का स्वतःच जाशील?"

मागे सभागृह खदखदून हसत होतं. टाळ्याही पडल्या.

काका खुशीत आले. "आवाज बघ कसा स्वच्छ आलाय. बास बघ." एक माइक ही कल्पना आपली नव्हती हे रेकॉर्डवर आलंय, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

आणि मग त्या सगळ्या ओरडण्याच्या खाली, माइकच्या अगदी जवळून, हळू आवाज आला. माइकचा स्टँड धरून उभ्या असलेल्या माणसाचा.

"दादा, हळू."

"डोकं आहे का खोकं आहे तुझं?"

"दादा, माइक चालू आहे."

"वडिलांनी धंदा तुझ्या हातात दिला असता तर..."

"दादा, माइक चालू आहे. दादा, लोक हसतायत रे तुला."

मग पडद्याची दोरी सरकल्याचा आवाज, टाळ्या, आणि बँजो सुरू.

काकांनी इअरफोन कानात आणखी दाबला. म्हणाले, "मागे घे."

मी मागे घेतलं. परत ऐकलं. "मागे घे." असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते आणि स्वतःचं ओरडणं सुरू झालं की हातानं हवेत बटण फिरवल्यासारखं करत होते. मला कळलं, ते स्वतःचा आवाज कमी करायला बघत होते.

इअरफोन काढून त्यांनी मला परत दिले, आधी शर्टाला पुसून.

"काका," मी विचारलं, "अर्थ काय कळवू त्यांना?"

"लिही, थोडा वेळ लागेल," ते म्हणाले. "तपासतोय."

संध्याकाळचे पाच वाजले होते. चाचणीची वेळ नव्हती. काकांनी फळीवरून ती डबी काढली, त्यातला तो माइक काढून जोडला आणि बटण दाबलं. दोन टिचक्या मारल्या. गल्लीत टक्, टक् झालं. सुमनमावशी पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या.

काका हॅलो म्हणाले नाहीत. एक, दोन, तीनही नाही. माइक तोंडाशी धरून नुसते उभे राहिले. त्यांचा श्वास तेवढा सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. एकदा घसा खाकरला, तोही ऐकू आला. एकदा नाक ओढलं.

समोरच्या दुकानातली वायरची भेंडोळी खाली ठेवल्याचा आवाज झाला. जनूकाका पायरीवर आले. त्यांनी भोंगा लावला नाही. गल्ली ओलांडून आमच्या काउंटरपाशी आले, आणि आठ वर्षांपूर्वीच्याच हळू आवाजात म्हणाले, "दादा, माइक चालू आहे."

"माहितीये," मुकुंदकाका म्हणाले. "आत्ता कळलं."