पोखर्णीत उणे चाळीस

यंत्र कधीही खोटं बोलत नाही. हे त्रिकालाबाधित सत्य मी ऐन मे महिन्यात, पोखर्णीला, सासुरवाडीच्या अंगणात सर्वांसमक्ष जाहीर केलं. प्रसंगही तसाच होता. माझ्या धाकट्या मेहुणीला, निकिताला, वालूरचं स्थळ आलं होतं. मुलगा तिच्या मनात भरला होता. घर बघायला आम्ही निघणार, तोच माझ्या नव्याकोऱ्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला!

"दिवा इझल्याबिगर कुनी निघायचं न्हाई," सासूबाईंनी, म्हणजे कडूबाईंनी, फर्मान काढलं. "शुभ कामाला असला इशारा! न्हाई इझला तर दुसरं स्थळ बगू."

"दाजी, कायतरी करा ना!" निकिता रडकुंडीला आली.

"पाच मिनिटांचं काम!"

माझ्याकडे ऑनलाइन मागवलेलं आगपेटीएवढं यंत्र होतं. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवायची, यंत्र स्टिअरिंगखाली खोचायचं, की गाडीचा आजार मोबाइलवर! मी खोचलं. सासरे, मुंजाजीमामा, शेजारच्या सीटवर पंखा पुरा सोडून बसले.

"तुमचं निवांत चालू द्या, जावाईबापू. हितं लय बरं वाटायलंय."

मोबाइलवर कोड उमटला. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान: उणे चाळीस!

बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. अंगणातल्या नळाला हात लावला तर फोड यावा.

"काय म्हनायलीय गाडी?" मामांनी विचारलं.

"थंडी वाजतेय म्हणते."

मुलगी देताना चौकशी जरा कमीच पडली, अशा नजरेनं मामांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कोड पुसला. दिवा विझला. निकितानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत दिवा परत लागला! मग मी पुसायचं आणि त्यानं लागायचं, असा दुपारपर्यंत आमचा खेळ रंगला. तोवर गाडीला हीव भरल्याची बातमी गल्लीभर झाली आणि शेजारचा शेळ्यावाला येडबा घोंगडी घेऊन हजर!

"इंजिनावर टाका. माझी शेळी हिच्यानंच उठली."

"अरे येडबा, गाडीला थंडी वाजत नसते!"

"मंग तुमचं यंत्र खोटं बोलायलंय का?"

आता प्रश्न तत्त्वाचा होता. मी बॉनेट उघडलं.

आत एका वायरीला काळ्या दोऱ्यानं बांधलेलं, संत्र्याच्या तोंडात मारेल असं लिंबू लोंबत होतं! जोडीला मिरच्या आणि बिब्बा. त्या वजनानं हवेच्या सेन्सरची पिन निसटली होती. बिचाऱ्या गाडीला बाहेरचं काही कळतच नव्हतं; ती आपली हिमालयात असल्याचं धरून चालली होती.

"हे कुणी बांधलं?"

"मीच की, पहाटं!" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "म्होरं बांधलं की तुमी काडून टाकता. म्हनून आत."

"काढावं लागेल."

"लिंबू काडलं तर मी येनार न्हाई!"

"आई, मी मांडीवर घेऊन बसते लिंबू!" निकिता ओरडली. तह झाला. मी पिन बसवली, कोड पुसला. दिवा विझला तो विझलाच! येडबानं शिट्टी मारली. सगळे नटूनथटून गाडीत बसले.

"पंखा बी इझला की," मामा म्हणाले.

मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक् सुद्धा नाही. सकाळपासून किल्ली लावून ठेवलेली, पंखा पुरा सोडलेला. बॅटरीनं राम म्हटला होता.

सासूबाईंनी मागून डोकावून बघितलं. "आता कसं! येक बी दिवा न्हाई. चला, निघा!"

ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं चालू होत नाही, हे मी येडबाला सांगितलं. त्यानं ती वेशीपर्यंत ढकलून खात्री करून घेतली.

वालूरला आम्ही येडबाच्या पिकअपमधून, सेलूच्या बाजाराला निघालेल्या शेळ्यांसोबत पोचलो. निकिताच्या मांडीवर लिंबू होतं. स्थळ जमलं. मुलाच्या वडिलांनी गाडीचा विषयही काढला नाही. शेळ्या कुठल्या, एवढंच विचारलं.