अकरा सेकंदांचा नवरा

मास्तरीणबाईंचा फोन भरला होता. साधा फोटोसुद्धा उघडेना. निवृत्त नर्सबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. चाळीस वर्षांच्या मैत्रीत विचारून काही करायची त्यांना सवयच नव्हती.

"दे इकडे. पाच मिनिटांत साफ करते. तू भाजी निवड."

पाच मिनिटांत त्यांनी तीनशे सुप्रभात पुसले, बंद पडलेल्या मोबाईल कंपनीच्या जाहिराती पुसल्या, आणि त्याच झपाट्यात 'हे' नावाचं एक रेकॉर्डिंगही पुसलं. नाव त्यांनी पुसल्यावर वाचलं.

'हे' म्हणजे मास्तर. जाऊन सव्वा वर्ष झालेलं. मागे राहिला होता तो त्यांचा अकरा सेकंदांचा आवाज: "किल्ली आत राहिली. खाली उभा आहे. दार उघड." आणि शेवटी एक खोकला. मास्तरीणबाई रोज सकाळी आठला, पहिल्या चहाबरोबर तो ऐकत. नर्सबाई समोर बसून बिस्किट खात. त्यामुळे मजकूर त्यांना तोंडपाठ होता.

"झालं का गं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"फोन जरा दुकानात दाखवून आणते!" म्हणत नर्सबाई जिना उतरल्यासुद्धा.

जिन्यातच त्यांनी तोंडावर रुमाल धरून मास्तरांच्या आवाजात स्वतःच रेकॉर्ड करून पाहिलं. मास्तरांना सर्दी झाल्यासारखं वाटलं, आणि तेही लहानपणी. मग त्यांना कोपऱ्यावरचे औषधवाले आठवले. आवाज अगदी तसाच, पिंपातून आल्यासारखा.

"अहो, मी औषधं विकतो," औषधवाले म्हणाले. "नवरे नाही."

"तीन वाक्यं आणि एक खोकला. माझी मैत्रीण जन्मात माझं तोंड बघणार नाही हो." नर्सबाईंचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना इंजेक्शनं देताना ते कधी भरले नव्हते.

औषधवाले विरघळले. पण दुकानात रांग होती, आणि रांगेला काम नव्हतं.

"इतकं कोरडं काय? बायकोशी बोलताय ना?" एक आजोबा म्हणाले.

"'गं' तरी लावा," मागची बाई म्हणाली.

"खोकला कफाचा हवा की कोरडा?" औषधवाल्यांनी धंद्याच्या सवयीनं विचारलं.

सहाव्या वेळेला सगळ्यांचं समाधान झालं. नर्सबाईंनी त्यालाही 'हे' असंच नाव दिलं, आणि देवाचं नाव घेत फोन परत नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मास्तरीणबाईंनी बटण दाबलं.

"अगं, किल्ली आत राहिली गं. जरा दार उघडतेस का? तुला उगाच त्रास." आणि शेवटी खोकला, कफाचा.

नर्सबाईंचं बिस्किट चहात पडलं. मास्तरीणबाईंनी पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"कोण आहे हा?"

"कोण म्हणजे? भावजी!"

"चाळीस वर्षांत 'तुला त्रास' म्हणाले नाहीत. गेल्यावर सुधारले?"

नर्सबाईंनी रडत रडत सगळं सांगून टाकलं, रांगेसकट. मास्तरीणबाई उठून आत गेल्या. आत नळ चालू झाला, आणि बराच वेळ चालूच राहिला. जावं की बसावं हे न कळून नर्सबाई चहातलं बिस्किट चमच्यानं काढत राहिल्या.

मास्तरीणबाई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"अकराच सेकंद होते गं," त्या म्हणाल्या. "तेवढेही सांभाळता आले नाहीत तुला?"

"नाही आले."

"रडू नकोस. चहा खारट होईल." त्यांनी साडीचा पदर सारखा केला. "चल. दुकान उघडलं असेल."

"अगं, त्या बिचाऱ्याला बोलू नकोस! त्याला मीच भरीला घातलं."

मास्तरीणबाई तोवर रस्त्यावर होत्या. दुकानात कालचे आजोबा पुन्हा आले होते; बहुधा औषधासाठी नव्हे. मास्तरीणबाई सरळ गल्ल्यापाशी गेल्या. औषधवाल्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बाई, पुसून टाका ते. माझंच..."

"पुसायचं नाही," मास्तरीणबाईंनी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. "आणखी एक हवंय. फक्त 'चुकलं माझं' एवढंच म्हणा. खोकू नका."

औषधवाल्यांनी घसा साफ केला. मग जरा घुटमळले.

"भाव नीट यायला हवा म्हणून विचारतो. नक्की काय चुकलं त्यांचं?"

"तुम्ही म्हणा हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "यादी माझ्याकडे आहे."