चाकांवरच्या राज्याचे ब्रेक मोठे केले, त्याची हकीकत

श्री. चाके फिरविणारा तो, आणि फिरती चाके वेळेवर थांबविणाराही तोच. त्यास दोन्ही हात जोडून, आणि मग माथेवाडी शाळेचे सरकार, वय वर्षे सहा ते अकरा, एकूण नऊ असामी, यांचे सेवेसी लिहितो ऐसे जे: सरकारांनी फर्माविले की, राज्य घाटात कसे घसरले आणि कसे सावरले ते पहिल्यापासून लिहून द्यावे, गाळू नये, वाढवू नये. त्यावरून शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, पौष आणि माघ या दोन मासांत जे वर्तमान जाहले ते येथे उतरले आहे. कठीण शब्द आला तर पुढच्याच ओळीत त्याचा अर्थ सापडेल. न सापडल्यास विचारावे, विचारण्याची लाज धरू नये.

तर एक राज्य होते. त्यास नाव नव्हते, कारण नाव काय ठेवावे यावर सहा वर्षे मसलत चालू होती आणि दर्शनी पाटी अजून कोरीच होती. राज्याची लांबी सव्वीस फूट, रुंदी सात फूट, आणि खाली सहा चाके. पूर्वी ती एका कारखान्याची कामगार वाहणारी बस. मग आसने काढिली, आणि आत पलंग केला, स्वयंपाकाचा ओटा केला, पाण्याची टाकी बसविली, पुस्तकांची कपाटे ठोकिली आणि सूक्ष्मदर्शकास खिडकीपाशी मानाची जागा दिली. गादीवर यमुनाबाईसाहेब. पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त जाहल्या, आणि एकोणसाठाव्या वर्षी अवजड वाहनाचा परवाना काढून सुकाणूवर बसल्या. दिवाण दत्तोपंत, हे बाईसाहेबांचे यजमान; भाजीभाकरी, नकाशा आणि कुरकूर ही तिन्ही खाती त्यांजकडे. राज्याचा उद्योग एकच: जेथे प्रयोगशाळा नाही अशा वाडीवर स्वारी न्यावी, आठ दिवस मुक्काम करावा, मुलांस पाण्याच्या थेंबातले जीव दाखवावे, आणि कूच करावे.

आणि राज्यात एक रिवाज पडला होता. पहिल्या वाडीहून निघताना एका लहानग्याने विचारिले, "बाई, तुम्ही आमाला इसरणार न्हवं?" तेव्हां बाईसाहेबांनी तेथल्या ओढ्यातला मुठीएवढा दगड उचलिला, त्यावर शाळेचे नाव पांढऱ्या रंगाने घातले आणि म्हणाल्या, "हा माझ्याबरोबर राहील. मग कशी विसरेन?" ही गोष्ट पुढच्या वाडीस कळली, आणि तिने दोन मुठींचा दगड दिला; तिच्या पुढचीने नारळाएवढा दिला; आणि मग शाळाशाळांत ईर्षा लागली, आणि नजराणे वाढत चालले. शेवटी केवडवाडीच्या चौघा मुलांनी पाट्याएवढा धोंडा घामाघूम होऊन उचलून आणिला. दत्तोपंत म्हणाले, "अरे, आठवण द्या म्हटलं होतं, डोंगर नव्हे!" परंतु मुलांची तोंडे पाहून बाईसाहेबांनी तोही पलंगाखाली घेतला. असे सहा वर्षांत दोनशे अकरा दगड जाहले. त्यांची वही होती. वहीत शाळेचे नाव, ओढ्याचे नाव, तारीख, दगडाची जात, सर्व होते. वजनाचा रकाना मात्र नव्हता. दगड ही आठवण आहे, आठवणीस वजन कसले, ऐसा राज्याचा समज होता. येथेच चूक जाहली, ती ध्यानात ठेवावी.

केवडवाडीच्या मुक्कामी माथेवाडीची मैना, वय वर्षे नऊ, डोंगर उतरून आली होती. माथेवाडी त्याच घाटाच्या अगदी टोकाला. तिने सूक्ष्मदर्शकास दोनदा डोळा लाविला आणि म्हणाली, "आमच्या तळ्याचं पानी बी बघायचंय. पर तुमी न्हाई येनार." बाईसाहेब म्हणाल्या, "का गं?" ती म्हणाली, "समदी येतो म्हनत्यात. मंग रस्ता बघत्यात, आन् न्हाई येत." बाईसाहेबांनी वचन दिले की माघ शुद्ध पंचमीस स्वारी माथेवाडीस येईल. मैनेने बोटांवर दिवस मोजिले आणि म्हणाली, "बघू." एवढेच म्हणाली, आणि तो एक शब्द बाईसाहेबांच्या मनात रुतून बसला.

पौष शुद्ध द्वितीयेस सकाळी राज्य केवडवाडीहून घाट उतरू लागले. बाईसाहेबांनी वरचा, म्हणजे वेगाचा, गिअर ठेविला आणि पाय ब्रेकवर ठेविला, आणि एक वळण गेले, दुसरे गेले, आणि तिसऱ्याच्या आधी जळका वास आला. दत्तोपंत म्हणाले, "दूध उतू गेलं की काय?" आणि मागे पाहतात तो शेगडी बंद. इतक्यात बाईसाहेबांनी ब्रेक दाबिला तो पाय थेट तळाशी गेला, जणू खाली काही नव्हतेच. तेव्हां दरबारी भाषा सुटली. दत्तोपंत ओरडले, "अगं यमे, थांबव!" आणि बाईसाहेब ओरडल्या, "थांबत नाही हो!" आणि मग त्यांनी गिअर एकेक खाली खेचिला, इंजिन किंचाळले, हातब्रेक ओढिला, आणि दरीकडे जाणे नको म्हणून डोंगराकडच्या मातीच्या उंचवट्यात राज्याची डावी बगल घासत नेली. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी राज्य कुरकुरत थांबले. थांबले तरी जागचे सरकत होते. दत्तोपंत खाली उडी टाकून म्हणाले, "दगड हवा! कुठला लावू चाकापुढं?" आणि दारातून आत हात घालून लागला तो पहिल्या वाडीचा मुठीएवढा त्यांनी ठेविला, चाकाने तो बाजूस उडविला (मागाहून तो उचलून पुन्हा आत ठेविला). बाईसाहेब म्हणाल्या, "केवडवाडीचा घ्या, केवडवाडीचा!" आणि ज्या धोंड्यावरून कुरकूर केली होती तोच दत्तोपंतांनी, त्रेसष्ट वर्षांच्या कमरेनिशी, कसा आणिला ते त्यांचे त्यांसच ठाऊक नाही, परंतु तो चाकापुढे टेकला, आणि राज्य स्थिर जाहले. पलीकडे दहा हातांवर दरी होती आणि त्या वळणास कठडा नव्हता. बाईसाहेब खाली उतरून धोंड्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात मी यात सोळा मुलं बसवून गावाला चक्कर मारली होती." आणि किल्ली दत्तोपंतांच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "आता पुरे. विकून टाका." दत्तोपंतांनी सहा वर्षे ज्या शब्दांची वाट पाहिली होती ते हेच, परंतु ऐकताच त्यांस आनंद म्हणून जाहला नाही, ऐसे ते पुढे स्वतःच सांगत.

घाटाच्या पायथ्याशी शकूरभाई मिस्त्री यांचे ठाणे. सबंध घाटात ज्यांची गाडी अडे ते यांस शरण जात. त्यांनी वर येऊन, गाडी निवू देऊन, पहिल्या गिअरात तसूतसूने राज्य खाली आणिले, आणि आधी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे केले. मग चिठ्ठी पाहून म्हणाले, "बाई, साडेसात टनांची गाडी आहे. काटा म्हणतो नऊ टन दोनशे किलो. आत काय भरलंय?" दत्तोपंत म्हणाले, "प्रेम." शकूरभाईंनी पलंगाची फळी उचलिली, दोनशे दहा दगड पाहिले, पुन्हा फळी ठेविली आणि म्हणाले, "लई घट्ट प्रेम आहे."

मग चाक काढिले, ड्रम काढिला. ड्रम म्हणजे चाकाच्या आतले लोखंडी भांडे. आपण पाय दाबिला की आतून दोन जाड पट्टे त्यास घासतात आणि चाक मंदावते. ते भांडे तापून निळे पडले होते. बाईसाहेबांनी विचारिले, "पण पाय खाली कसा गेला?" शकूरभाई म्हणाले, "बाई, तळहात घासा एकमेकांवर. जोरात. अजून. काय झालं?" बाईसाहेब म्हणाल्या, "गरम झाले." "मग तुमचं नऊ टन घसरत असताना तेच झालं. चाकाची धाव सगळी उष्णता झाली. ड्रम लहान, उष्णता मोठी. ती ब्रेकच्या नळीतल्या तेलात गेली, तेल उकळलं, बुडबुडे झाले. बुडबुडा दाबला की दबतो. म्हणून पाय खाली." हे ऐकून बाईसाहेब हसूच लागल्या, इतक्या की डोळ्यांस पदर लाविला. पस्तीस वर्षे आणि वर सहा वर्षे, चार हजार मुलांस त्यांनी तळहात घासावयास लावून हाच धडा शिकविला होता. आपल्या पायाखाली तोच धडा चालू आहे हे त्यांस एकदाही सुचले नव्हते. लेकरांनो, शिकविणाऱ्याचेही असे होते. त्यात खाली पाहण्यासारखे काही नाही. पुन्हा शिकावे म्हणजे जाहले.

शकूरभाई म्हणाले, "दोन गोष्टी. ब्रेक मोठे करायचे आणि वजन कमी करायचं. एकच केली तर अर्धीच गाडी थांबेल, अर्धी पुढं जाईल." दत्तोपंत म्हणाले, "थांबणाऱ्या अर्ध्यात मी बसतो हो!" बाईसाहेब म्हणाल्या, "करू नका काही. मी चालवणार नाही." शकूरभाईंनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी मोठ्या ट्रकाचे रुंद ड्रम आणिले, त्यास बसणारे जाड पट्टे आणिले, पायाचा जोर वाढविणारे यंत्र नवे घातले, नव्या नळ्या टाकिल्या, आणि इंजिनाच्या धुराच्या वाटेत एक झडप बसविली. ती मिटली म्हणजे इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते स्वतःच गाडीस मागे ओढून धरते, ब्रेकांस विसावा मिळतो. या सर्वांस सतरा दिवस लागले. अठराव्या दिवशी शकूरभाई गाडीखाली शिरले आणि तेथून म्हणाले, "नळीतली हवा काढायची आहे. कोणीतरी वर बसून पाय दाबायला पाहिजे. दिवाणसाहेब, तुम्ही नका, तुमची कंबर धरलीय. बाई, बसा." बाईसाहेब म्हणाल्या, "मी?" शकूरभाई म्हणाले, "गाडी उभी आहे, चाकं काढलेली आहेत, कुठं जाते?" तेव्हां त्या बसल्या. खालून आवाज आला, "दाबा... धरा... सोडा. दाबा... धरा... बाई, सोडा म्हटल्याशिवाय सोडायचं नाही!" बाईसाहेब म्हणाल्या, "चुकलं, सर." असे चारही कोपरे जाहले, आणि दर खेपेस पाय जरा वर थांबू लागला, आणि शेवटी असा घट्ट थांबला की जणू खाली जमीन आली. बाईसाहेबांनी पाय काढिला नाही. शकूरभाई बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "झालं, उतरा." त्या म्हणाल्या, "थोडं बसते." त्या दिवसापासून विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मग दगडांचा प्रश्न आला. बाईसाहेब म्हणाल्या, "मुलांना काय सांगू? तुमचा दगड जड झाला म्हणून टाकला?" दत्तोपंत कधी मसलतीत जिंकत नसत, परंतु त्या दिवशी म्हणाले, "टाकायचे कशाला? तिसऱ्या वळणाला कठडा नाही." बाईसाहेबांनी त्यांजकडे पाहिले, आणि सहा वर्षांत प्रथमच दिवाणाचा सल्ला जसाच्या तसा मंजूर जाहला. परिवहन दफ्तराच्या साहेबांनी नवे ब्रेक तपासून, गाडी पळवून आणि थांबवून दाखला दिला. शकूरभाईंनी आपल्या टेम्पोतून दगडांची फौज वर नेली. केवडवाडीचे दोन गवंडी आले, माथेवाडीची माणसे पाणी आणि वाळू घेऊन उतरली, आणि सात हात लांब, गुडघ्याएवढा कठडा उभा राहिला. प्रत्येक दगडाचे नाव रस्त्याकडे ठेविले. तो कठडा जड गाडी अडविणार नाही, तेवढे त्याचे बळ नाही. परंतु पांढरी अक्षरे दुरून दिसतात आणि येणाऱ्यास वळण आहे हे सांगतात. केवडवाडीचा धोंडा मात्र राज्यातच राहिला, चाकापुढे लावण्यास. त्याची जागा आता दारापाशी, दिवाणांच्या हाताशी.

माघ शुद्ध पंचमीस बाईसाहेब सुकाणूवर बसून घाट चढल्या. माथेवाडीच्या वेशीवर मैना एकटी उभी होती. राज्य पाहून ती धावत आली नाही, मोठमोठ्याने ओरडत शाळेकडे पळाली, "आली! आली रं, खरंच आली!" आठ दिवस तळ्याचे पाणी थेंब थेंब पाहिले. निघण्याच्या दिवशी नऊ मुले हातात दगड न घेता उभी राहिली, कारण हकीकत त्यांस कळली होती. मैना म्हणाली, "मंग बाई, आमचा दगड न्हाई, तर आमाला कशा ध्यानात ठेवशिला?" बाईसाहेब म्हणाल्या, "तुमचं गाव त्या वळणाच्या वर आहे. त्या वळणावर मी कधी पटकन उतरेन का?" मैना विचार करून म्हणाली, "न्हाई." "मग दरवेळी तिथं हळू व्हावं लागणार. हळू झालं की आठवण येणार." मैनेने मान हलविली, हिशेब तिला पटला.

मग बाईसाहेबांनी चढताना जो गिअर होता तोच उतरताना घातला, झडप मिटली, आणि राज्य हत्तीच्या चालीने उतरू लागले. तिसऱ्या वळणावर दोनशे दहा नावे एकामागून एक समोरून गेली, आणि दत्तोपंत ती मोठ्याने वाचीत होते, आणि बाईसाहेबांनी ब्रेकवर पाय ठेविला, आणि राज्य थांबले. सांगितले तेथे, सांगितले तेव्हां. पायथ्याशी पोहोचल्यावर शकूरभाईंनी चाकाजवळ तळहात धरिला, आणि मग बाईसाहेबांचा हात तेथे नेला. ऊब होती, नुकत्याच टोपलीत ठेविलेल्या भाकरीएवढी. बाईसाहेब हात तसाच धरून राहिल्या, आणि किल्ली पुन्हा त्यांच्याच कमरेस लागली.

एवढे वर्तमान. दगड देणाऱ्या हातांचे, धोंडा उचलणाऱ्या कमरेचे, गाडीखाली आडवे पडून "धरा" म्हणणाऱ्या उस्तादाचे, आणि "बघू" म्हणून वाट पाहणाऱ्या मैनेचे उपकार या राज्यावर आहेत. ते फेडावयाचे नाहीत, सांगत राहावयाचे आहेत. राज्याची पाटी अद्याप कोरी आहे. सरकारांस एखादे नाव सुचल्यास कळवावे. दगडावर लिहू नये, कागदावर लिहावे.